मावसभावाची फाइल: इमिग्रेशन सल्लागार होताना सोडवायचं एक प्रकरण

कॅनडात इमिग्रेशन सल्लागार होऊ पाहणाऱ्यांना शिकवताना मी हे प्रकरण वापरते. फाइल वर्गासाठी रचलेली आहे. यातला भाऊ, बहीण, एजंट कुणीही खरं नाही. कलमं, मुदती आणि संस्था मात्र खऱ्या आहेत. अशा फाइली या व्यवसायात पुन्हा पुन्हा समोर येतात, म्हणून शिकाऊ माणसाने परवाना हातात पडण्याआधी निदान एक तरी अशी फाइल शेवटापर्यंत सोडवून पाहावी, असं मला फार वाटतं.

प्रकरण असं.

एक मराठी मुलगी ऑन्टारिओत राहते. ती कॅनडाची कायम रहिवासी आहे, आणि ते आवश्यकच आहे, कारण हा परवाना कॅनडाचे नागरिक, कायम रहिवासी किंवा कायद्याने नोंदलेले तिथले मूलनिवासी यांनाच मिळतो. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातून इमिग्रेशन आणि नागरिकत्व कायद्याची पदविका तिने पूर्ण केली आहे. इंग्रजीतून ही पदविका क्वीन्समध्ये होते, फ्रेंचमधून माँट्रियल विद्यापीठात. नियामक संस्थेची प्रवेश परीक्षा द्यायची बाकी आहे. तोवर ती एका परवानाधारक सल्लागार बाईंच्या ऑफिसात काम करते: कागदांच्या याद्या करणं, फोन घेणं, फॉर्ममध्ये माहिती भरणं.

तिचा धाकटा मावसभाऊ जवळच्याच शहरात राहतो. 2021 साली स्टडी परमिटवर आला, कोर्स संपवला, आता पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिटवर नोकरी करतो. 2025 मध्ये त्याने एक्स्प्रेस एन्ट्री या कुशल कामगारांसाठीच्या ऑनलाइन पद्धतीतून, कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर आधारलेल्या कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासखाली पीआरचा, म्हणजे कायम रहिवासाचा, अर्ज स्वतःच भरला. शुक्रवारी संध्याकाळी तिच्या फोनवर एका पत्राचा फोटो येतो. खाली मेसेज: "ताई, हे जरा बघ ना. उत्तर लिहिलंय मी, फक्त इंग्लिश नीट कर. तुला काय, रोजचंच आहे."

पत्र इमिग्रेशन खात्याचं आहे. व्यवसायात त्याला फेअरनेस लेटर म्हणतात. अधिकारी कळवतो की कुठल्याही देशाने व्हिसा किंवा परमिट नाकारला आहे का, या प्रश्नाला तुम्ही 'नाही' असं उत्तर दिलं आहे. आमच्याकडच्या माहितीप्रमाणे 2019 मध्ये अमेरिकेने तुम्हाला व्हिसा नाकारला होता. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 40 खाली तुम्ही अपात्र ठरू शकता. 30 दिवसांत म्हणणं मांडा. भावाच्या उत्तराचा सगळा रोख एका वाक्यात आहे: "माझ्या एजंटने केलेल्या चुकीची मला कल्पना नव्हती."

वर्गाला मी पहिला प्रश्न विचारते तो असा: आज रात्री या मुलीने काय करायचं?

उत्तरं साधारण दोन प्रकारची येतात. काही जण लगेच इंग्रजी सुधारायला घेतात. घरचाच मुलगा, पैसे थोडेच घेणार आहोत. उरलेले त्याच कायद्याच्या कलम 91 चा आधार घेऊन म्हणतात की परवाना नाही, तर तिने एक अक्षरही बोलू नये.

कलम 91 नीट वाचावं लागतं. मोबदला घेऊन किंवा मोबदल्याचं ठरवून इमिग्रेशनच्या कामात सल्ला देणं, प्रतिनिधी म्हणून उभं राहणं हे तिथे मना आहे. मुभा आहे ती वकिलांना, प्रांताच्या विधी संस्थेच्या पॅरालीगल सदस्यांना, क्वेबेकच्या नोटरींना आणि सल्लागारांच्या नियामक संस्थेकडून परवाना मिळालेल्यांना. कलम मोडलं तर गंभीर खटल्यात 2,00,000 डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कळीचा शब्द 'मोबदला' आहे, आणि मोबदला म्हणजे नुसते पैसे नव्हेत. नातेवाईक फुकट मदत करू शकतो. प्रतिनिधी नेमण्याच्या 5476 क्रमांकाच्या फॉर्ममध्ये बिनमोबदला प्रतिनिधीची सोयही आहे. म्हणजे कायद्याने ती गुन्हेगार ठरणार नाही. तरीही तिने त्या मसुद्याला हात लावू नये, असंच मी सांगते.

कारण कलम 91 नाही. कारण हे की मसुद्यातलं वाक्य खरं आहे का, हेच तिला माहीत नाही. इंग्रजी सुधारताना ती एका विधानाला जास्त पटणारं करेल, आणि ते विधान खोटं निघालं तर तिच्या हातून दुसरा खोटा कागद तयार होईल. शिवाय ती एका परवानाधारकाच्या ऑफिसात नोकरीला आहे. घरगुती मदत आणि ऑफिसचं काम यातली रेघ तिला स्वतःला दिसली तरी बाहेरच्याला दिसेलच असं नाही.

तिने करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. भावाला सांगायचं की उत्तर पाठवू नकोस. पत्र कुठल्या तारखेला त्याच्या ऑनलाइन खात्यात आलं ते स्क्रीनसकट जपून ठेवायला सांगायचं. आणि सोमवारी बाईंना नातं आधी सांगून विचारायचं की ऑफिस ही फाइल घेईल का. तिचं त्याला उत्तर एवढंच: "तू घाई करू नकोस. सोमवारी मॅडमशी बोल. मी तिथे असेन, पण ऐकून घेणं आणि सांगणं त्यांचं काम आहे."

रविवारी मावशीचा फोन येतो. "अगं, दोन ओळी तर लिहायच्यात. घरचं काम म्हणून करशील की नाही?" वर्गात हा फोन मी मुद्दाम ठेवते. ज्या समाजात आपण काम करणार, तिथे पहिले दहा ग्राहक नात्यातले किंवा नात्याच्या ओळखीचे असतात. आणि उद्यापासून भाऊ ऑफिसचा ग्राहक झाला की त्याच्या फाइलमधलं काहीही, अगदी पत्र आलंय हेसुद्धा, मावशीला सांगता येणार नाही. "मावशी, तो बोलेल तुझ्याशी. मी त्याच्या वतीने काही सांगू शकत नाही." हे वाक्य मी मुलांना वर्गात मोठ्याने म्हणायला लावते. पहिल्यांदा म्हणताना सगळ्यांची जीभ अडखळते.

इथे थोडं मागे जाऊन या व्यवसायाची घडण सांगते, कारण शिकाऊ माणसाला परवान्याचं वजन त्यातूनच कळतं. सल्लागारांची पहिली नियामक संस्था 2003 मध्ये स्थापन झाली. तिच्याविषयी इतक्या तक्रारी झाल्या की 2011 मध्ये दुसरी आणावी लागली. तीही पुरी पडेना, तेव्हा संसदेने 2019 मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि 23 नोव्हेंबर 2021 रोजी आजची संस्था, कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स, सुरू झाली. तिची आचारसंहिता 2022 पासून सरकारी विनियम म्हणून लागू आहे. म्हणजे प्रामाणिकपणा, गोपनीयता, लेखी करार, आपल्या कुवतीबाहेरचं काम न घेणं, या आता नुसत्या चांगल्या सवयी नाहीत, कायदा आहे. या संस्थेला चौकशी करून परवाना रद्द करता येतो. विनापरवाना माणसाविरुद्ध ती कोर्टाकडून मनाई हुकूमही मागू शकते.

सोमवारी बाई फाइल घेतात. आधी सल्ला-भेटीपुरता लेखी करार, मग भेट. शिकाऊ मुलगी टिपणं घेते.

या भेटीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

"तुम्हाला कुठल्या देशाने व्हिसा नाकारलाय का?" असं विचारलं की बहुतेकदा 'नाही' येतं. माणूस दरवेळी खोटं बोलत असतो असं नाही. त्याच्या लेखी व्हिसा नाकारणं म्हणजे पासपोर्टवर लाल शिक्का, पोलीस, काहीतरी मोठं. म्हणून प्रश्न माणसाने प्रत्यक्ष काय केलं त्यावरून आणि कागदावरून विचारायचा असतो. आजवर बोटांचे ठसे कुठे कुठे दिलेत? जुना पासपोर्ट कुठे आहे? कधी व्हिसाची फी भरली आणि मग गेलाच नाहीत, असं झालंय का? कुणी तुमच्या नावाने अर्ज टाकला होता का, जो तुम्ही पाहिलाही नाही?

बाई विचारतात, "बोटांचे ठसे कुठे दिलेत आजवर?"

"आधारला. पासपोर्टला. कॅनडाच्या बायोमेट्रिकला." जरा थांबून, "आणि बीकेसीत."

"बीकेसीत कशासाठी?"

"ते अमेरिकेचं होतं, मॅडम. मित्रांनी केलं म्हणून मीपण केलं. खिडकीवर दोन-तीन प्रश्न विचारले, पासपोर्ट परत दिला, एक कागद दिला. पासपोर्टवर काहीच मारलं नाही त्यांनी. म्हणून मला वाटलं ते धरत नसतील."

तो कागद म्हणजे बहुधा अमेरिकी कायद्याच्या 214 बी कलमाखालचा नकार. अर्जदार परत जाईल याची अधिकाऱ्याला खात्री पटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. रोज कितीतरी विद्यार्थ्यांना तो मिळतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि कॅनडाच्या अर्जात तो लिहिला असता तर बहुधा दोन ओळींच्या खुलाशात विषय संपला असता. पण तो नकारच आहे. आणि कॅनडाला तो कळतो, कारण डिसेंबर 2012 मध्ये दोन्ही देशांनी व्हिसा आणि इमिग्रेशनची माहिती एकमेकांना देण्याचा करार केला. भारतातल्या अर्जदारांकडून कॅनडा 31 डिसेंबर 2018 पासून बोटांचे ठसे घेऊ लागला. याच्या दोन्ही अर्जांच्या आधी ही सगळी व्यवस्था चालू झालेली होती.

मग भाऊ म्हणतो, "मॅडम, माझ्याकडे पुरावा आहे." आणि व्हॉट्सॅप उघडतो. 2021 चा, स्टडी परमिटचा अर्ज चालू असतानाचा संवाद.

त्याचा मेसेज: "सर, 2019 ला यूएसचा व्हिसा रिजेक्ट झाला होता. ते लिहायचं का?"

एजंट: "गरज नाही. त्यांना कळत नाही. लिहिलं तर उगाच फाइल अडकेल. नो टाकतो."

तो: "ओके सर."

वर्गात इथे हायसं वाटल्याचा आवाज येतो. एजंटने सांगितलं, लेखी आहे, मुलगा सुटला. मी पुन्हा वाचायला सांगते आणि गप्प राहते. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं की याला तर माहीत होतं. प्रश्न समजला होता, खरं उत्तर ठाऊक होतं, खोटं उत्तर जाणार हे कळलं होतं, आणि त्याने होकार दिला. ज्या कागदाला तो आपली ढाल समजतो तोच कागद "मला कल्पना नव्हती" हे वाक्य खोटं ठरवतो.

कायदा काय म्हणतो ते आता बघू. कलम 16 प्रमाणे अर्जदाराने विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं दिली पाहिजेत. कलम 40(1)(अ) प्रमाणे महत्त्वाची माहिती प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे चुकीची दिली किंवा दडवली, आणि त्यामुळे कायद्याच्या अंमलात चूक झाली किंवा होऊ शकली असती, तर माणूस पाच वर्षं अपात्र. त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. 'अप्रत्यक्षपणे' यात एजंटने भरलेला फॉर्म येतो. फेडरल कोर्टाने वारंवार सांगितलंय की सही तुमची, तर मजकूरही तुमचा.

अपवाद आहे, पण फार अरुंद. माहिती दडवली जातेय याची अर्जदाराला प्रामाणिकपणे आणि वाजवी कारणाने कल्पनाच नसेल, ती त्याच्या आवाक्याबाहेरची असेल, तरच. 1990 च्या मेडेल निकालातल्या बाईला नवऱ्याने स्पॉन्सरशिप मागे घेतल्याचं कुणी कळवलंच नव्हतं; उलट व्हिसात दुरुस्ती करायची आहे असं सांगून तो परत मागितला होता. तिला अपील कोर्टाने दोषी धरलं नाही. 2023 मध्ये पंजाबातल्या विद्यार्थ्यांची बनावट प्रवेशपत्रांची प्रकरणं गाजली, तेव्हा कॅनडा सरकारने त्यांच्यासाठी खास पथक नेमलं आणि एकेक फाइल तपासून फसलेले कोण, सामील कोण हे वेगळं करायचं ठरवलं. 1 डिसेंबर 2023 पासून तर प्रत्येक प्रवेशपत्र थेट शिक्षणसंस्थेकडून पडताळून घेणं सुरू झालं. त्या मुलांच्या हातातलं पत्रच खोटं होतं, आणि ते पाहून खरं-खोटं कळण्यासारखं नव्हतं. आपल्या भावाचं तसं नाही. त्याच्याबाबतीत घडलेली घटना ही त्याची स्वतःची आहे.

आणि अजून एक गोष्ट आहे, जी वर्गात बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हे पत्र 2025 च्या पीआर अर्जावर आलंय. तो अर्ज कुणी भरला? त्याने स्वतः. एजंट त्यात कुठेच नाही. बाई विचारतात तेव्हा तो सांगतो, "जुन्या अर्जात 'नो' होतं. आता 'येस' लिहिलं तर आधीचं खोटं ठरेल ना, म्हणून तसंच ठेवलं." म्हणजे "माझ्या एजंटने केलेली चूक" हेही वाक्य गेलं. त्याने पाठवायला काढलेल्या उत्तरात एकही विधान टिकत नाही. शुक्रवारी रात्री बहिणीने त्याचं इंग्रजी झकास करून दिलं असतं तर काय झालं असतं, हे इथे वेगळं सांगावं लागत नाही.

आता बाई त्याला मार्ग सांगतात. तोंडी सांगून नंतर तेच ईमेलने, कारण सल्ला लेखी नसेल तर महिन्याने दोघांनाही तो वेगवेगळा आठवतो.

काहीच उत्तर न देणं हा मार्ग म्हणायला आहे. अधिकारी समोरच्या माहितीवर निर्णय देईल आणि तो काय असेल ते उघड आहे. अर्ज मागे घेणं बऱ्याच जणांना सुचतं. पण मागे घेतल्याने खोट्या माहितीचा प्रश्न आपोआप मिटत नाही, खात्याला तो पुढे नेता येतो. तात्पुरत्या रहिवासाचा खास परवाना कलम 24 खाली, किंवा मानवी आणि करुणेच्या कारणांवरून सूट कलम 25 खाली, मागता येते. दोन्ही अधिकाऱ्याच्या विवेकावर. याची परिस्थिती एकट्या तरुणाची, नोकरी आहे, मुलंबाळं नाहीत. कलम 25 ला बळ देणारं फार काही नाही, आणि नसताना आहे असं भासवणं हे पुन्हा तेच पाप.

राहतो तो सरळ मार्ग. खरं काय घडलं ते सांगायचं आणि मग माहितीच्या महत्त्वावर युक्तिवाद करायचा: कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासमध्ये पात्रता भाषा आणि कॅनडातल्या कामावर ठरते, अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाचा नकार त्या पात्रतेला धक्का देत नाही, नकारामागे फसवणूक किंवा गुन्हा नव्हता. हा युक्तिवाद मांडण्यासारखा आहे, पण तो दुबळा आहे आणि ग्राहकाला तसंच सांगायला हवं. कोर्टांनी मानलंय की व्हिसाचा पूर्वेतिहास दडवल्याने अधिकाऱ्याच्या चौकशीची एक दिशाच बंद होऊ शकते, आणि तेवढं पुरतं. खात्याला दुसरीकडून खरं कळलं, म्हणून चूक झालीच नाही, हाही बचाव चालत नाही.

मग हे पत्र तरी कशाला लिहायचं, असं एक विद्यार्थी दरवेळी विचारतो. कारण निर्णय अजून झालेला नाही. 1999 च्या बेकर निकालात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याच्या आयुष्यावर निर्णयाचा खोल परिणाम होणार त्याला आपलं म्हणणं पूर्णपणे मांडायची आणि ते विचारात घेतलं जाण्याची संधी मिळाली पाहिजे. फेअरनेस लेटर हीच ती संधी. ती खोट्याने भरली की पुढच्या कुठल्याही कोर्टात त्या माणसाच्या शब्दाला किंमत राहत नाही. खरं सांगून नकार आला, तर निदान फाइल स्वच्छ राहते, आणि पाच वर्षांनी परत येणाऱ्या माणसाला तीच फाइल घेऊन यायचं असतं.

दरम्यान त्याच दिवशी दोन कामं होतात. खात्याच्या वेबफॉर्मवरून मुदतवाढीची विनंती. आणि फाइलमधल्या अधिकाऱ्यांच्या नोंदींची मागणी, माहिती मिळवण्याच्या कायद्याखाली, फी 5 डॉलर. कॅनडात हजर असलेल्या कुणालाही ती करता येते. या मागणीला कायद्याने 30 दिवस आहेत आणि पत्राची मुदतही 30 दिवसांची, म्हणजे नोंदी वेळेत हातात येतील असं धरून चालता येत नाही. मुदतवाढ मिळाली नाही तर नोंदींशिवाय उत्तर जायचं. ज्याला मुदत मोजता येत नाही, त्याने कलमं पाठ करून उपयोग नाही.

शिकाऊ मुलगी मसुदा करते. तिचा पहिला मसुदा मी वर्गाला दाखवते, कारण तो वाईट नाही आणि तरीही पाठवण्याजोगा नाही. त्यात एक वाक्य आहे: "तरुण वयात, चुकीच्या मार्गदर्शनामुळे, अर्जदाराकडून अनवधानाने ही माहिती द्यायची राहून गेली." बाई 'अनवधानाने'वर पेन ठेवतात. चॅट बघितल्यावर हा शब्द लिहिता येतो का? मग 'राहून गेली'वर. राहून गेली, की दिली नाही? मुलगी प्रेमापोटी लिहितेय, ते दिसतं. बाई रागावत नाहीत. त्या फक्त म्हणतात, "प्रत्येक क्रियापदासमोर कोणी केलं ते लिही."

नंतरचा मसुदा असा सुरू होतो:

"2019 मध्ये मुंबईत मी अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. 2021 च्या स्टडी परमिट अर्जात ही माहिती देण्याबद्दल मी माझ्या एजंटला विचारलं. त्याने न देण्याचा सल्ला दिला आणि मी तो मान्य केला. 2025 चा अर्ज मी स्वतः भरला. आधीच्या अर्जाशी विसंगती दिसेल या भीतीने मी तेच उत्तर ठेवलं. दोन्ही वेळा उत्तर चुकीचं होतं आणि त्याची जबाबदारी माझी आहे."

त्यापुढे माहितीच्या महत्त्वावरचा युक्तिवाद, नोकरीची आणि कराची कागदपत्रं, आणि चॅटची प्रत. चॅट जोडावी का यावर या व्यवसायातल्या जाणत्यांचंही एकमत होणार नाही. माझं मत जोडावी असं आहे. पत्रात जे सांगितलंय त्याचा तो एकमेव समकालीन कागद आहे, आणि विनापरवाना एजंट कसे बोलतात हेही त्यातून खात्यासमोर येतं. पण निर्णय ग्राहकाचा, फायदा-तोटा दोन्ही समजावून दिल्यावर.

आणि तो अडून बसला तर? "मॅडम, 'माहीत नव्हतं' एवढंच लिहा, चॅट दाखवू नका." चॅट न दाखवण्याचा त्याला हक्क आहे. खोटं वाक्य ऑफिसच्या नावाखाली पाठवण्याचा नाही. बाई ते पाठवू शकत नाहीत, आणि तो ऐकतच नसेल तर करार संपवून, मुदतीआधी दुसरीकडे जायला वेळ राहील अशा बेताने, फाइल सोडावी लागते. खात्याला जाऊन त्या हे सांगतही नाहीत. फाइल सुटली तरी गोपनीयता सुटत नाही. वर्गातल्या बऱ्याच जणांना हे दोन्ही एकत्र पचायला जड जातं: खोट्याला हात लावायचा नाही, आणि ते खोटं उघडही करायचं नाही. मला हा या व्यवसायाचा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मानाचा भाग वाटतो.

एजंटचं काय? भाऊ त्याच्यावर चिडलेला आहे आणि ते बरोबरच आहे. त्या माणसाने फी घेतली, फॉर्ममध्ये स्वतःचं नाव कुठेच येऊ दिलं नाही, अर्जाचं ऑनलाइन खातं स्वतःच्या ईमेलवर उघडलं. अशांना इकडे घोस्ट कन्सल्टंट म्हणतात. कॅनडात नियामक संस्थेकडे तक्रार करता येते, पण भारतात बसलेल्या माणसापर्यंत कॅनडाचा हात सहज पोचत नाही. भारताचा 1983 चा एमिग्रेशन कायदा परदेशी नोकरीच्या भरतीसाठी आहे, विद्यार्थी व्हिसाच्या दुकानांसाठी नाही. तक्रार करावी, पण या फाइलच्या उत्तरात एजंटला एका परिच्छेदापेक्षा जास्त जागा देऊ नये.

भेट संपता संपता बाई एक प्रश्न विचारतात, जो पत्राशी संबंधित नाही. "घरी काही बदल? लग्न, मूल?"

"लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यात जाऊन कोर्टात रजिस्टर करून येणार होतो. मित्र म्हणाले पीआर हातात पडेपर्यंत खात्याला सांगू नको, फाइल लांबते."

हा प्रश्न विचारला नसता तर? विनियम 117(9)(ड) प्रमाणे पीआर होताना ज्या जोडीदाराची तपासणी झाली नाही, कारण तो जाहीरच केला नव्हता, त्याला पुढे कुटुंब वर्गातून स्पॉन्सर करता येत नाही. पाच वर्षं नव्हे, कायमचं. 2019 पासून काही प्रकरणांत सूट देणारं एक तात्पुरतं धोरण आहे, पण त्याच्या भरवशावर कुणी संसार मांडू नये. बाई सरळ सांगतात: लग्न पीआर झाल्यावर करा, किंवा आधी करणार असाल तर झाल्याबरोबर खात्याला कळवा आणि तिची तपासणी होऊ द्या, ती सोबत येणार नसली तरी. कलम 40 चं पत्र हातात असताना दुसरी गोष्ट दडवणं म्हणजे काय, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. त्याचा चेहराच उतरतो.

उत्तरपत्रिका तपासताना मी हा शेवटचा प्रश्न कुणी विचारला ते बघते. पदविकेत 117(9)(ड) सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण समोर वेगळंच पत्र ठेवलं की तो नियम फार थोड्यांना आठवतो.

आता उरतं ते सल्लागाराच्या अधिकाराची हद्द सांभाळणं, आणि शिकाऊ मुलीने ते करारातच नीट लिहिलेलं असावं. ऑफिस फेअरनेस लेटरचं उत्तर देईल. निकालाची हमी नाही, फी उत्तराची आहे. अर्ज नाकारला गेला तर पुढचं पाऊल फेडरल कोर्टात निर्णयाच्या फेरतपासणीची परवानगी मागण्याचं, कॅनडात झालेल्या निर्णयासाठी मुदत 15 दिवस, आणि तिथे सल्लागार उभा राहू शकत नाही, वकीलच लागतो. नकाराबरोबर अधिकाऱ्याने कलम 44 खाली अपात्रतेचा अहवाल केला तर प्रकरण इमिग्रेशन आणि निर्वासित मंडळाच्या इमिग्रेशन विभागापुढे जाऊ शकतं आणि तिथून देशाबाहेर काढण्याचा आदेश निघू शकतो. मग वर्क परमिटवर अजून किती महिने शिल्लक आहेत याला फारसा अर्थ उरत नाही. त्या मंडळापुढे उभं राहायला सल्लागारांमध्येही परवान्याचा वेगळा वर्ग लागतो, आणि बाईंकडे तो नाही. म्हणून उत्तर पाठवतानाच त्या त्याला दोन वकिलांची नावं देतात, फाइलची पूर्ण प्रत त्याच्या हवाली करतात, आणि 15 दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे ते त्याला त्याच ईमेलमध्ये लिहून देतात.